चौथे पान

बँकेतून निवृत्त होऊन जेमतेम आठ महिने झाले होते, तेव्हा एका परिचिताने मला पहिल्यांदा व्याख्यानाला उभे केले. ठरलेल्या वक्त्यांना कावीळ झाली होती आणि मी घरी रिकामा होतो, एवढीच माझी पात्रता होती. विषय होता ‘युवकांचे कल्याण आणि उद्याचा सुजाण नागरिक’. त्याआधी युवकांच्या कल्याणाशी माझा संबंध शैक्षणिक कर्जाच्या अर्जांत त्रुटी काढण्यापुरता आणि गच्चीवर आलेला चेंडू परत न देण्यापुरता आला होता. तरीही दोन रात्री जागून मी सात पानांचे भाषण लिहिले, ते लोकांना बरे वाटले, आणि सातारा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत असा समज पसरला की या विषयावर अधिकारवाणीने बोलणारे एक गृहस्थ आहेत, ते मानधनावरून घासाघीस करत नाहीत आणि एसटीने येतात. गेली अकरा वर्षे मी तीच सात पाने घेऊन हिंडतो आहे.

मी बोलू लागलो त्याच साली, म्हणजे २०१४ मध्ये, केंद्र सरकारने नवे राष्ट्रीय युवा धोरण आणले. २००३ च्या धोरणाप्रमाणे १३ ते ३५ वर्षे वयाचा माणूस युवक होता. नव्या धोरणाने ही मर्यादा १५ ते २९ अशी केली, त्यामुळे तिशी ओलांडलेली असंख्य माणसे एका परिपत्रकासरशी प्रौढ झाली. मी मात्र भाषणात जुनीच मर्यादा ठेवली आहे, कारण पहिल्या रांगेत बसणारे तरुण प्राध्यापक तिच्यात मावतात आणि त्या वाक्याला मान डोलावतात. बाकी बदल किरकोळ आहेत. पाचव्या पानावर युवकांना बिघडवणाऱ्या गोष्टीचे नाव आहे, तिथे प्रथम ‘फेसबुक’ होते, ते खोडून ‘व्हॉट्सअ‍ॅप’ केले, आणि आता समासात ‘रील’ असे लिहिले आहे. वाक्य तेच आहे. १९७२ साली मी स्वतः महाविद्यालयात असताना एका वयोवृद्ध वक्त्यांनी आम्हांला सांगितले होते की ट्रान्झिस्टरने आमची पिढी वाया घालवली. आम्ही मागच्या बाकावर त्याच ट्रान्झिस्टरवर क्रिकेटचे धावते वर्णन ऐकत होतो, त्यामुळे पुढचे काही कळले नाही.

महाराष्ट्राला व्याख्यानांची खोड जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपल्याकडे उकाडा आणि वक्तृत्व जोडीने येतात. आमच्या, म्हणजे युवककल्याणाच्या धंद्यात मात्र हंगाम थंडीचा. डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे लागतात आणि १२ जानेवारीला स्वामी विवेकानंद व राजमाता जिजाऊ यांची जयंती एकाच दिवशी येते. त्या दिवशी मी सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या तालुक्यात असतो, आणि कोणत्या ठिकाणी कोणती प्रतिमा मध्यभागी आहे हे हार घालण्यापूर्वी नीट पाहून घेतो. दिवाणाच्या पोटात सदतीस शाली साठल्या आहेत. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की इतक्या युवकांचे कल्याण केलेत, त्यापेक्षा एखाद्याने सत्काराला चादर दिली असती तर घराचे झाले असते.

गेल्या डिसेंबरातले बोलावणे माण तालुक्यातल्या एका गावचे होते. कार्यक्रम अधिकारी फोनवर अतिशय अदबीने म्हणाले, “सर, तासभर बोला. मुलं आपलीच आहेत.” मुले आपलीच असतात याचा अर्थ दाद मिळणार नाही, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. शिवाय वाटेत पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेतला नेमका रथाचा दिवस लागला. रथाला भाविक नोटांच्या माळा घालतात. बँकेतल्या सवयीने मी एसटीच्या खिडकीतून मान उंचावून त्या दिसतात का पाहत राहिलो आणि एसटी दीड तास जागची हलली नाही. अडीचच्या बौद्धिकाला मी चार वाजता पोहोचलो. कोणी रागावले नव्हते, कारण बौद्धिक अजून सुरूच झालेले नव्हते. अध्यक्ष यायचे होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात ताडपत्रीवर साठ-सत्तर मुले-मुली बसली होती. त्यांना पहाटे पाचला उठवून, प्रार्थना आणि योगासने उरकून ओढ्यावर नेण्यात आले होते, आणि तिथे त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून, सुतळीने तोंडे शिवून, विटांसारखी सांधेमोड करत वनराई बंधारा घातला होता. त्यानंतर दोन-दोन वाढप्या मसालेभात झाला होता. अशा माणसांपुढे कोणीही बोलू नये, असा कायदा असायला हवा.

अध्यक्ष आले ते घाईत, कारण त्यांना संध्याकाळी एका लग्नाला जायचे होते, म्हणून अध्यक्षीय समारोप आरंभीच घेण्याचे ठरले. दीपप्रज्वलनाला वाऱ्याने पाच काड्या खाल्ल्या; शेवटी एका मुलीने रजिस्टर आडवे धरून समई पेटवून दिली आणि आम्ही पाहुण्यांनी पेटलेल्या वातीला काडी लावल्याचा फोटो काढून घेतला. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी प्रास्ताविकात सांगितले की गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. हे माझे दुसरे पान होते. मग अध्यक्ष “मी दोनच शब्द बोलणार आहे” असे म्हणून उभे राहिले आणि पस्तीस मिनिटांत त्यांनी विवेकानंद, शिकागो, १८९३ आणि ‘उठा, जागे व्हा’ हे सगळे संपवले. हे माझे पहिले पान होते. अध्यक्ष गाडीत बसले, गाडीच्या धुळीत माझा परिचय झाला, आणि मी पाच पानांचे भाषण तासभर पुरवण्यासाठी उभा राहिलो.

विवेकानंदांना टाळून युवकांवर बोलणे म्हणजे हळदीवाचून लग्न लावणे, तेव्हा मी त्यांना पुन्हा घेतले. ‘उत्तिष्ठत, जाग्रत’ हे वचन मुळात कठोपनिषदातले आहे, हे मी नेहमी आवर्जून सांगतो, कारण संपूर्ण भाषणात माझे स्वतःचे संशोधन तेवढेच आहे. आवाज चढवून मी “उठा! जागे व्हा!” म्हणालो, त्याबरोबर चौथ्या रांगेत शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेला एक मुलगा खरोखरच ताडकन उभा राहिला, “हजर, सर!” म्हणाला, आणि चहा आलेला नाही हे पाहून खाली बसला. अकरा वर्षांत त्या वचनाचा इतका तात्काळ परिणाम मी पाहिला नव्हता.

मग तिसरे पान काढले. त्यावर तीन दगड फोडणाऱ्यांची गोष्ट आहे. ती सगळ्यांना पाठ असते: काय करतोस असे विचारल्यावर पहिला म्हणतो दगड फोडतो, दुसरा म्हणतो पोट भरतो, आणि तिसरा, डोळ्यांत चमक आणून, म्हणतो मी मंदिर उभारतो आहे. गोष्ट संपवून मी रिवाजाप्रमाणे विचारले, “यांतला सुजाण नागरिक कोण?” या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नसते, केवळ शांतता अपेक्षित असते. पण समई पेटवून देणारी ती मुलगी उठली. तिच्या दोन्ही तळव्यांना सुतळीने कापल्याच्या तांबड्या रेघा उमटलेल्या होत्या.

“सर, तो तिसरा ठेकेदार असणार,” ती म्हणाली. “दगड फोडणाऱ्याला एवढं बोलायला दम उरत नाही.”

मुले हसली, प्राध्यापक हसले, आणि इतका वेळ माईकच्या वायरीशी खेळणारे उपसरपंच सर्वांत मोठ्याने हसले. पुढे कळले की त्यांची गावात लहानसहान कंत्राटे असतात. मीही हसल्यासारखे करून पान उलटले, तर खाली थेट पाचवे पान. चौथे नव्हतेच. सकाळी निघताना, पाने फारच जीर्ण झाली म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढल्या होत्या, आणि चौथे पान त्या यंत्राच्या काचेवर पालथे पडून राहिले होते. स्वतः लिहिलेले, शंभर वेळा म्हटलेले भाषण. पण समोर कागद नसताना मला त्यातले एक अक्षर आठवेना. मी पाणी प्यालो. चष्मा पुसला. पुन्हा पाणी प्यालो.

शेवटच्या रांगेतून, अगदी निर्मळ आणि मदतीला आलेला असा आवाज आला: “सर, आता बँकेचं आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये, ते.”

तो मुलगा उभा राहिला. त्याने माझे व्याख्यान नववीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकले होते, अकरावीत २५ जानेवारीला मतदार दिनाच्या कार्यक्रमात ऐकले होते, आणि आज तिसऱ्यांदा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. एखाद्या नाटकात प्रॉम्प्टरने करावे तसे तो आपले कर्तव्य करत होता. मी गडबडीने धागा पकडला. मुलांनो, म्हणालो, छत्तीस वर्षे मी बँकेत काढली. सुजाण नागरिकाची खूण एकच, तो वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि कोऱ्या कागदावर तर प्राण गेला तरी करत नाही. माझ्या सख्ख्या मामांनी विश्वासाने एका कोऱ्या कागदावर सही केली आणि त्यांची चार एकर बागायत गेली.

“सर, शाळेत सांगितलं तेव्हा एक एकर होती,” तो मुलगा काळजीने म्हणाला. “अकरावीत दोन झाली होती.”

आता झोपलेले सगळे जागे होते. खरे सांगायचे तर माझ्या मामांना जमीनच नव्हती. ते पोस्टात होते. पण इतक्या वर्षांत त्या बिचाऱ्यांनी माझ्या तोंडून इतकी जमीन घालवली होती की ती परत मागे घेणे शक्य नव्हते. “सातबारा नंतर पाहिल्यावर नक्की आकडा कळला,” असे काहीतरी पुटपुटून मी सहाव्या पानावर उडी घेतली. तिथे गाडगेबाबा आहेत. त्यांची पुण्यतिथी, २० डिसेंबर, नुकतीच होऊन गेली होती, त्यामुळे प्रसंगाला ते शोभूनही दिसले. बाबा दिवसा हातातल्या खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे काढत. हे वाचताना प्रथमच माझ्या लक्षात आले की बाबा आधी झाडत आणि मग बोलत; आम्ही आधी बोलतो आणि मग जेवतो. हे वाक्य भाषणात घालण्याजोगे होते, पण घातले नाही. सातवे पान मी गाळले. कृतज्ञ श्रोत्यांनी मला पावसाची टाळी दिली, म्हणजे आधी एका बोटाची, मग दोन, मग तीन, असे करत पूर्ण तळव्याची, आणि माझ्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीत एवढा मनापासून कोसळलेला पाऊस दुसरा आठवत नाही.

आभारप्रदर्शन चालू असतानाच वीज गेली. जेवण होते पिठले-भाकरीचे, चुलीवरचे, आणि मुलांनी केलेले. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हात धुऊन मी निघतो तोच कार्यक्रम अधिकारी पाकीट आणि पावतीबुक घेऊन आले, आणि अंधारात दिसावे म्हणून त्यांनी कोणाला तरी हाक मारली. मोबाइलची बॅटरी लावून तोच शेवटच्या रांगेतला मुलगा आला. पावतीवर माझे नाव लिहिलेले होते, कारण लिहिलेले होते, एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीटही चिकटवलेले होते, फक्त रकमेची जागा कोरी होती. पाच हजारांपुढच्या पावतीलाच तिकीट लागते, हे मी बँकेतल्या शेवटच्या वर्षांत गिऱ्हाइकांना सांगत आलो. आणि हातातल्या पाकिटाची जाडी, बोटांनी चाचपली तेवढ्यावरून, तिकिटाच्या योग्यतेची वाटत नव्हती.

“रक्कम नंतर भरतो, सर,” अधिकारी मऊपणाने म्हणाले. “ऑडिटचं असतं ना, सगळी एकदम भरतो.”

शेवटची एसटी फाट्यावर साडेआठला होती आणि गाडीवाला हॉर्न वाजवत होता. मुलाने बॅटरी किंचित खाली घेऊन प्रकाश नेमका त्या कोऱ्या चौकटीवर धरला, म्हणजे मला नीट दिसावे. मी तिकिटावरून आडवी, बँकेतली जुनी, वळणदार सही केली. त्याने बॅटरी विझवली नाही, तो मला गाडीपर्यंत उजेड दाखवत आला, दार उघडून दिले, शाल आणि नारळाची पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि खिडकीशी वाकून म्हणाला, “सर, ते चौथं पान झेरॉक्सवाल्याकडून तेवढं आठवणीनं आणा हं.”