‘चौरस फुटाला अमुक’ म्हणजे नेमकं काय?

कौलं काढून पत्रे घालायचं कोटेशन एका ओळीचं असतं: चौरस फुटाला इतके. पण कुठला चौरस फूट? भाव जमिनीच्या मापावर सांगतात, बिल उताराच्या मापावर येतं. तीस अंशांचा उतार असेल तर 1000 फुटांचे 1155 होतात, वर भिंतीबाहेर येणारा पागोळीचा भाग वेगळा! पत्रा एकमेकांवर चढतो, तेवढं माप पुन्हा तुमच्याच माथी. मोभावरचा (छपराच्या माथ्यावरचा) कॅपिंग पत्रा, पन्हळ, भिंतीलगतची पट्टी, रबरी वॉशरचे स्क्रू, परांची, जुनी कौलं उतरवणं, वाहतूक, जीएसटी यांचा उल्लेखच नाही. आणि छप्पर उघडल्यावर वासे-रिपा वाळवीने पोखरलेल्या निघाल्या, की मे अखेरीस, ढग दाटलेले असताना, घासाघीस कशी करणार? बदली वाशाचा फुटाचा दर आधीच लिहून द्यायला काय जातं या कंत्राटदारांचं?