कायद्याचे निरसन झाले, म्हणून जुने खटले संपले?

भारतीय न्याय संहिता लागू झाल्यापासून एक दावा व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. त्याचा आशय असा: भारतीय दंड संहितेचे १ जुलै २०२४ रोजी निरसन झाले (म्हणजे तो कायदा रद्द झाला), निरसन म्हणजे समूळ नाश, जणू तो कायदा कधी नव्हताच, म्हणून त्याखालचे सगळे खटले आपोआप बाद. यूएलसी, म्हणजे शहरी जमिनीच्या कमाल धारणेचा कायदाही असाच गेला, तेव्हा सरकारने घेतलेल्या जमिनी परत मागा. आणि न्यायालयाने कलम उडवले काय किंवा पंतप्रधानांनी घोषणा केली काय, तेही निरसनच. एकेक मुद्दा घेऊ.

'जणू कायदा कधी नव्हताच.' हे अगदीच हवेतून आलेले नाही. इंग्लंडच्या जुन्या न्यायपरंपरेत बऱ्याच अंशी असेच मानत: पूर्ण होऊन गेलेले व्यवहार तेवढे शाबूत, बाकी कायद्याबरोबर सगळे गेले. त्यातून इतके घोळ होत की तिथल्या संसदेला १८८९ साली हा नियमच फिरवावा लागला. आपल्याकडे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) कलम ६ तेच करते. निरसनाच्या आधी जे घडले, जे हक्क मिळाले, ज्या जबाबदाऱ्या आल्या, ज्या शिक्षा ओढवल्या, त्यांना निरसनाने धक्का लागत नाही आणि त्यांबाबतची चौकशी वा खटला पुढे चालू राहतो. अर्थात, निरसन करणाऱ्या कायद्यातून वेगळा हेतू दिसत नसेल तर. राज्याच्या कायद्यांसाठी अशीच तरतूद १९०४ च्या मुंबईच्या अधिनियमात आहे. म्हणजे हा दावा शंभराहून अधिक वर्षे शिळा आहे.

'दंड संहितेखालचे खटले बाद.' इथे तर सर्वसाधारण नियमापर्यंत जायचीही गरज नाही. न्याय संहितेचे शेवटचे कलम, ३५८, दंड संहितेचे निरसन करते आणि त्याच दमात आधीचे गुन्हे, शिक्षा व कारवाया राखूनही ठेवते. याला कायद्याच्या मराठीत 'व्यावृत्ती' म्हणतात. 'निरसन व व्यावृत्ती' ही जोडी बहुतेक अधिनियमांच्या शेवटी एकत्रच भेटते. ३० जून २०२४ च्या रात्री चोरी झाली आणि फिर्याद आठवड्याने दिली, तरी गुन्हा जुन्या संहितेच्या कलमाखालीच नोंदवायचा. तपासाची पद्धत मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. संविधानाचा अनुच्छेद २०(१) ही बाजू आणखी पक्की करतो: कृत्य घडले त्या वेळी जो कायदा होता, त्याच्याच आधारे दोषी ठरवता येते आणि त्याहून जास्त शिक्षा देता येत नाही.

'यूएलसी गेला, जमिनी परत मागा.' हा मुद्दा सर्वांत घातक, कारण तो वाचून लोक खरोखर वकिलाकडे पैसे घालवतात. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळ्या जमिनीवर मर्यादा घातली होती. मुंबईत ती ५०० चौरस मीटर. संसदेने १९९९ मध्ये निरसन अधिनियम केला, पण विषय राज्यांचा असल्याने प्रत्येक राज्याने ठराव करून तो स्वीकारायचा होता. महाराष्ट्राने तो स्वीकारला २९ नोव्हेंबर २००७ रोजी. त्या निरसन अधिनियमाचे कलम ३ मुळातून वाचावे. अतिरिक्त जमीन शासनाकडे निहित होऊन (म्हणजे तिची मालकी कायद्याने शासनाकडे जाऊन) तिचा ताबाही घेतला गेला असेल, तर ती शासनाचीच राहते. नुसती कागदावर निहित झाली आणि ताबा मालकाकडेच राहिला, तर मालकाची बाजू भक्कम. मात्र शासनाकडून रक्कम मिळाली असेल तर ती आधी परत करावी लागते. म्हणून वाद असतो तो ताब्याचा. नुसता कागदी ताबा पुरत नाही, तो प्रत्यक्ष घेतलेला असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात म्हटले.

आणि १९७६ च्या कायद्याच्या कलम २० खाली या मर्यादेतून अटींवर सूट घेऊन बांधलेल्या योजना? ते सूट देणारे आदेशही निरसन अधिनियमाने नाव घेऊन राखले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१४ मध्ये त्या अटीही टिकतात असाच निर्वाळा दिला. तेव्हा सातबाऱ्यावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर यूएलसीचा शेरा दिसला, तर 'कायदाच गेला' म्हणून तो सोडून देऊ नका. तो कोणत्या कलमाखालचा आहे ते आधी बघा.

'न्यायालयाने उडवले तेही निरसन.' नाही. निरसन विधिमंडळ करते. न्यायालय कायदा घटनाबाह्य ठरवते. फरक पुस्तकी वाटेल, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चे काय झाले ते आठवा. सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले, तरी छापील कायद्यात त्याचे शब्द तळटीपेसह तसेच राहिले आणि पोलीस वर्षानुवर्षे त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले. शेवटी २०२२ मध्ये या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असे न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले.

घोषणेचे उत्तर तीन कृषी कायद्यांतच आहे. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली, १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी कायदे मागे घेण्याची घोषणा केली. तरी दोन्ही वेळा कायदे होतेच. त्यांचे निरसन झाले ते २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर करून त्यावर राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर.

याच दाव्याला हल्ली एक शेपूटही जोडलेले दिसते: उद्या निरसनाचा कायदाच रद्द केला की जुना कायदा आपोआप जिवंत होईल. तेही खोटे. १८९७ च्या अधिनियमाच्या कलम ७ नुसार मेलेला कायदा पुन्हा उभा करायचा, तर तसा हेतू नव्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो.