डेन्मार्क, बल्गेरिया आणि तीस वर्षांचा उशीर

नमस्कार. युरोपातल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं खापर मी माझ्या लेखात सिगारेटवर फोडलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. बल्गेरियात सिगारेट ओढणारे सर्वांत जास्त, तरी तिथल्या बायकांत फुप्फुसाचा कर्करोग कमी; डेन्मार्कमध्ये ओढणारे थोडे, तरी तिथल्या बायका युरोपच्या यादीत वरच्या टोकाला. तेव्हा सगळं खापर सिगारेटवर फोडणं हा माझा आळस, खरं कारण हवा आणि थंडी, असं तुमचं म्हणणं.

आकडे बरोबर आहेत. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी संस्थेच्या २०१९ च्या पाहणीत रोज ओढणारे बल्गेरियात २८.७ टक्के होते, डेन्मार्कमध्ये ११.७. पण ही आजची सिगारेट तुम्ही आजच्याच कर्करोगाला जोडलीत, तिथे गफलत झाली. दोन्हींच्या मध्ये वीस-तीस वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. ब्रिटनमध्ये १९४८ साली ८२ टक्के पुरुष तंबाखू ओढत होते. या कर्करोगाने होणारे पुरुषांचे मृत्यू शिगेला पोचले ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. तोवर कित्येकांनी सिगारेट सोडलीही होती.

डेन्मार्कच्या बायका इतर युरोपाच्या मानाने फार लवकर ओढू लागल्या. चारचौघांत बाईने सिगारेट पेटवली तर तिथे कुणाच्या भुवया उंचावत नसत. राणी मार्ग्रेथेच वर्षानुवर्षं कॅमेऱ्यासमोर बिनदिक्कत ओढायच्या. आज सत्तरीतल्या डॅनिश आजीबाईंना जे निदान होतं, त्याची सुरुवात त्यांच्या विशीत झालेली असते. उलट स्पेन-पोर्तुगालमध्ये फ्रँको आणि सालाझार या हुकूमशहांच्या कर्मठ राजवटीत बायकांच्या हाती सिगारेट उशिरा आली. स्पेनमधल्या बायकांचा आकडा आता चढतोच आहे. बल्गेरियाचाही चढेल, अशी मला भीती आहे.

आता हवा. बल्गेरियात पुरुषांमध्ये या कर्करोगाचा दर बायकांच्या कितीतरी पट आहे. नवरा-बायको एकाच घरात राहतात, एकाच हवेत श्वास घेतात, कुडकुडतातही बरोबरच. मग एवढी तफावत कुठून आली? आणि थंडीचंच म्हणाल, तर फिनलंडच्या पुरुषांचा दर १९७० च्या सुमारास जगात अगदी वरच्या पंक्तीत होता, आज बराच खाली आलाय. थंडी तिथे अजून तीच आहे.

स्वीडनच्या पुरुषांत दर कमी, त्याचं श्रेय तुम्ही स्वच्छ हवेला दिलंत. ती हवा स्वीडिश बायकांनाही मिळते, पण त्यांचा दर पुरुषांच्या बरोबरीला आलाय. तिथले पुरुष सिगारेटऐवजी स्नूस, म्हणजे ओठाखाली ठेवायची तंबाखू, वापरतात. युरोपीय संघाने १९९२ मध्ये तिच्यावर बंदी घातली. १९९५ मध्ये संघात शिरताना स्वीडनने सूट मिळवली. (आपल्या मळलेल्या तंबाखूला यातून प्रशस्तिपत्र मिळत नाही बरं का! तिची करणी बघायची तर तोंडाच्या कर्करोगाच्या कुठल्याही वॉर्डात जाऊन या.)

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. मूळ लेखात हंगेरीबद्दल लिहिताना ‘केवळ सिगारेट’ हे शब्द मी फार सैल हाताने वापरले. जर्मनीतल्या श्नेबेर्गच्या खाणकामगारांना जडणारा आजार फुप्फुसाचा कर्करोग आहे, हे १८७९ मध्येच लक्षात आलं होतं. तेव्हा सिगारेटचा सुकाळ व्हायचा होता. दोष निघाला खाणीतल्या रेडॉन वायूचा. हा वायू जमिनीतून घरांतही झिरपतो. २००५ मध्ये युरोपातल्या १३ अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला, तेव्हा या कर्करोगाच्या सुमारे ९ टक्के मृत्यूंत घरातल्या रेडॉनचा हात दिसला. त्यातही बळी जातात ते बहुतेक ओढणारेच, कारण दोन्ही धोके एकमेकांना वाढवतात. हे मूळ लेखात यायला हवं होतं. ‘केवळ’ काढून ‘मुख्यतः’ करतो आहे.