‘खाल्ल्या घरचे वासे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ऑस्ट्रेलियातल्या राजकारणावर आणि माध्यमांवर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. चार ओळींत तिची बोळवण करणं मला बरं वाटलं नाही, म्हणून सवड काढून लिहितेय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. या देशाने आपल्याला घर, नोकरी, मुलांना शाळा दिली, त्याला नावं ठेवणं म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं. इथले राजकारणी भारतातल्यांपेक्षा कितीतरी स्वच्छ आहेत. बिघडलंय ते समाजाचं वळण. २०१७ साली समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली तिथून उतरण लागली आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या एबीसी वाहिनीसारखी डावी माध्यमं तिला खतपाणी घालतात. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘एवढा त्रास होतो तर परत का जात नाही, ताई?’

वाशांचं आधी. मी या घरात पाहुणी नाही. इथे कर भरते, मत देते, आणि मत तर द्यावंच लागतं, कारण संसदेसाठीचं मतदान इथे १९२४ पासून सक्तीचं आहे. ज्या घराच्या छपराला माझेही पैसे लागतात ते कुठे गळतंय हे सांगणं मला कृतघ्नपणा वाटत नाही.

भारताशी तुलनेत मी शिरत नाही, कारण तुमच्या एका मुद्द्याशी मी सहमत आहे. इथली निवडणूक मला मनापासून आवडते. शनिवारी शाळेच्या आवारात रांग लावायची, उमेदवारांना पसंतीचे क्रमांक द्यायचे, संध्याकाळी मोजणी सुरू. मे २०२५ मध्ये विरोधी पक्षनेते पीटर डटन स्वतःची जागा हरले आणि त्याच रात्री त्यांनी शांतपणे पराभव मान्य केला. जगात हे सगळीकडे घडत नाही. पण त्याच निवडणुकीत लेबर पक्षाला १५० पैकी ९४ जागा मिळाल्या त्या पहिल्या पसंतीच्या ३५ टक्क्यांहून थोड्या कमी मतांवर. बाकीचं काम दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीने केलं. यात गैर काही नाही, पण साधारण दर तिघांतल्या एका मतदाराला दोन्ही मोठ्या पक्षांपैकी कुणालाही पहिला क्रमांक द्यावासा वाटला नाही, हेही खरं. नाराज असलेली मी एकटी नाही.

माझी नाराजी नेमकी कशावर आहे ते ‘रोबोडेट’शिवाय, म्हणजे भत्ता घेणाऱ्यांकडून संगणकाच्या हिशेबावर वसुली करणाऱ्या सरकारी योजनेशिवाय, सांगता येणार नाही. तुम्ही लिहिलंत की तो जुना विषय झाला, भरपाई दिली, संपलं. माझ्यासाठी तो संपलेला नाही. मी पगारपत्रकाचं काम करते, त्यामुळे त्या योजनेतली चूक मला हिशेबाच्या अंगाने दिसते आणि म्हणूनच जास्त राग येतो. बेकारी किंवा शिक्षणाचा भत्ता घेणारा माणूस सेंटरलिंकला, म्हणजे भत्ते देणाऱ्या सरकारी कार्यालयाला, दर पंधरवड्याची कमाई कळवतो. कर खात्याकडे असतो वर्षाचा एकूण आकडा. समजा एखाद्या मुलीने जुलै ते डिसेंबर काम करून २६ हजार डॉलर कमावले, मग नोकरी गेली आणि जानेवारीपासून ती भत्त्यावर आली. तिने सगळं खरं कळवलं. संगणकाने मात्र २६ हजारांना २६ पंधरवड्यांनी भागलं, तिला वर्षभर दर पंधरवड्याला हजार डॉलर मिळत होते असं धरलं आणि भत्ता लाटल्याचं देणं तिच्या नावावर काढलं. आता तिने जुन्या पगाराच्या पावत्या शोधून आपण निर्दोष असल्याचं सिद्ध करायचं. कधीकधी पाच-सहा वर्षांपूर्वीच्या, बंद पडलेल्या दुकानातल्या नोकरीच्या पावत्या! पगाराचं काम शिकायला आलेल्या मुलानेसुद्धा अशी सरासरी काढली तर मी त्याला पहिल्याच दिवशी थांबवेन. इथे ती सरकारने काढली, आणि २०१९ च्या अखेरीस न्यायालयाने अशी वसुली बेकायदा ठरवेपर्यंत ती वर्षानुवर्षं चालू राहिली. २०२० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्या रद्द करून ७२ कोटी डॉलर परत करण्याची घोषणा झाली. वसुलीचा तगादा लागल्यावर ज्यांच्या मुलांनी आत्महत्या केली त्या आयांनी रॉयल कमिशनपुढे, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगापुढे, येऊन साक्ष दिली. जुलै २०२३ मध्ये कमिशनच्या प्रमुख कॅथरिन होम्स यांच्या अहवालाने ही योजना क्रूर होती, न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती असं स्वच्छ म्हटलं.

त्यानंतर काय झालं तेही बघा. कमिशनने सहा जणांची प्रकरणं नव्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडे पाठवली. जून २०२४ मध्ये आयोगाने चौकशीला नकार दिला. त्या निर्णयाच्या प्रक्रियेतच दोष असल्याचं आयोगावर देखरेख करणाऱ्या निरीक्षकांनी दाखवून दिलं, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२५ मध्ये चौकशी करायचं ठरलं. भत्त्यावर जगणाऱ्या मुलीकडून चूक न करताही वसुली ताबडतोब, आणि योजना राबवणाऱ्यांची साधी चौकशी सुरू व्हायला इतकी वर्षं! राजकारणी स्वच्छ आहेत असं तुम्ही म्हणता तेव्हा पाकिटं घेत नाहीत एवढाच अर्थ तुम्हाला पुरतो का? मला पुरत नाही.

आपल्या लोकांना हे फारसं भिडलं नाही, त्याचंही कारण आहे. नव्याने कायम रहिवासी झालेल्याला बेकारी भत्त्यासाठी चार वर्षं थांबावं लागतं. तोवर आपण नोकरीत रुजलेले असतो, सेंटरलिंकच्या दारात जायची वेळच येत नाही. मग गणपतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत कुणी सहज म्हणून जातं, ‘हे सगळे फुकटे, आपल्या करावर जगतात.’ मला ते ऐकवत नाही.

माध्यमांचा मुद्दा मी इथूनच मांडते. होम्स यांच्या त्याच अहवालात आणखी एक निष्कर्ष आहे. तेव्हाचे मंत्री ॲलन टज यांनी योजनेवरची टीका थोपवण्यासाठी भत्ता घेणाऱ्यांची माहिती माध्यमांत वापरली आणि तो सत्तेचा गैरवापर होता. तक्रार करणाऱ्याचीच माहिती उद्या पेपरात येणार असेल तर तोंड कोण उघडेल? अशी माहिती छापायला जागा मिळते हे मला जास्त काळजीचं वाटतं. ब्रिस्बेन आणि ॲडलेडमध्ये शहराचं म्हणावं असं छापील दैनिक एकच, आणि दोन्हीकडे ते माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या कुटुंबाच्या न्यूज कॉर्पचं. १९८७ मध्ये त्यांनी ‘हेरल्ड अँड वीकली टाइम्स’ समूह घेतला तेव्हा सत्तेवर लेबरचं सरकार होतं. २०१७ मध्ये एकाच शहरात पेपर, टीव्ही आणि रेडिओ तिन्ही एका मालकाकडे जाऊ नयेत हा नियम काढला तो लिबरल आघाडीने, आणि पुढच्याच वर्षी नाइन वाहिनीने फेअरफॅक्सचे पेपर गिळले. २०२० मध्ये माजी पंतप्रधान केव्हिन रड यांच्या अर्जावर पाच लाखांहून जास्त लोकांनी सह्या करून माध्यमांच्या मालकीवर रॉयल कमिशन मागितलं. ते नेमायला कुठलंच सरकार तयार झालं नाही.

एबीसी डावी आहे असं तुमचं ठाम मत आहे. मला ती भित्री वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये निवेदिका अँटोनेट लॅटूफ यांना, गाझाबद्दलच्या त्यांच्या भूमिकेवरून तक्रारींचा मारा सुरू झाल्यावर, पाच दिवसांच्या कामातून तिसऱ्या दिवसानंतर बाजूला केलं गेलं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. गाझाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, फोन आणि ईमेलच्या दडपणाखाली माणूस काढणारी संस्था उद्या आपल्या बाजूच्या माणसालाही काढेल.

आता समाजाचं वळण. समलिंगी विवाहावरच्या २०१७ च्या टपाली मतचाचणीत ६१.६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. पश्चिम सिडनीत, जिथे आपल्यासारखी बाहेरून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, तिथल्या बऱ्याच मतदारसंघांनी ‘नाही’ म्हटलं; तुमचं मत तिकडचं आहे आणि तो तुमचा अधिकार आहे. पण त्या कायद्याने आपल्या घरातलं काय हिरावलं, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच सापडलं नाही. आपल्या मंडळात येणाऱ्या दोन मुलांनी लग्न केलं, दोघांच्या आयांनी हौसेने अक्षता टाकल्या. मला त्यात उतरण दिसली नाही.

उतरण मला दिसते ती रात्री फूटीचा, म्हणजे इथल्या फुटबॉलचा, सामना आणि त्यातल्या जुगाराच्या जाहिराती लागल्या की. दहा वर्षांचं पोर संघातल्या खेळाडूंच्या नावांबरोबर सट्ट्याचे भावही बोलू लागतं, ही खरी काळजीची गोष्ट आहे. जुगारात दरडोई सर्वात जास्त पैसे हरणारा देश म्हणून ऑस्ट्रेलियाचं नाव घेतलं जातं. जून २०२३ मध्ये पेटा मर्फी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने एकमताने ३१ शिफारशी केल्या. ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद करा, ही त्यांतली मुख्य. त्याच डिसेंबरात मर्फी कर्करोगाने गेल्या. दोन वर्षं उलटली तरी ती बंदी आली नाही. टीव्ही वाहिन्यांना त्या जाहिरातींचे पैसे हवेत, क्रीडा संघटनांना वाहिन्यांचे, आणि पक्षांना या सगळ्यांची मर्जी. माझी तक्रार इथे येऊन ठेपते. ज्यांनी जाब विचारायचा त्यांचं पोट ज्यांना विचारायचा त्यांच्यावर चालतं.

घरांचंही तेच. भाड्याने दिलेल्या घरावरचा तोटा पगारातून वजा करून कर वाचवता येतो, त्यात १९९९ मध्ये विक्रीच्या नफ्यावरचा कर निम्मा करणारी सवलत आली. २०१९ मध्ये लेबरने हे बदलायचं म्हटलं आणि निवडणूक हरली. नंतरच्या दोन निवडणुकांत त्यांनी विषयच काढला नाही. आपल्या बार्बेक्यूंत दुसरं घर, तिसरं घर याच गप्पा चालतात आणि भाड्याच्या घरासाठी वीस-वीस अर्ज करणारी नवी पोरं बाजूला बसून ऐकतात. मग ३१ ऑगस्ट २०२५ ला स्थलांतराविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा त्यांच्या पत्रकांवर नाव घेऊन भारतीयांचा उल्लेख होता. पुढच्याच आठवड्यात सेनेटर जसिंटा प्राइस यांनी भारतीयांना लेबरला मतं मिळावीत म्हणून आणलं जातंय अशा अर्थाचं विधान केलं आणि वाद चिघळल्यावर त्यांना विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातून बाहेर जावं लागलं. घरभाडं परवडत नाही हा राग खरा आहे. तो करसवलतीकडे न वळता आपल्याकडे वळवणं फार सोपं आहे, आणि आपण गप्प बसून कृतज्ञ राहिलो तर आणखी सोपं होईल.

परत का जात नाही? माझी मुलं इथे वाढतायत आणि मला इथेच राहायचंय. जुगाराच्या जाहिरातींबद्दल मी माझ्या खासदारांना पत्र लिहिलं आहे. मुलांच्या संस्कारांची काळजी तुम्हालाही आहे, मग तुमच्या खासदारांना तुम्हीही लिहा. समितीच्या त्या मुख्य शिफारशीला त्यांचा पाठिंबा आहे की नाही एवढंच विचारा, आणि जे उत्तर येईल ते इथे टाका. मी माझं टाकेन.