समुद्राकडे पाठ

परवा गुहागरला गेले होते. आमच्यापासून चौथं घर पाडून तिथे दुमजली बंगला होत आलाय. साइटवरचा इंजिनिअर मोठ्या हौसेने म्हणाला, "काकू, सगळं कोकणी ठेवलंय. कौलं, चिरा, झोपाळा." बघितलं. कौलं स्लॅबवर सिमेंटने चिकटवलेली. चिरा म्हणजे भिंतीवर मारलेल्या पातळ फरशा. आणि झोपाळा मागच्या गॅलरीत, समुद्राकडे तोंड करून.

मला खटकला तो झोपाळा.

गुहागर पाहिलेल्यांना माहीत आहे. एक लांबलचक रस्ता, मधे व्याडेश्वराचं देऊळ, अलीकडे-पलीकडे गावाचे दोन भाग, खालचा पाट आणि वरचा पाट. रस्त्याला लागून घरं, मागे नारळी-पोफळीची वाडी, मग सुरूची झाडं, मग पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. समुद्र हाकेवर, पण त्या बाजूच्या जुन्या घरांनी त्याच्याकडे पाठच केली. आषाढातला नैऋत्येचा वारा तोंडावर घ्यायची हौस कुणाला? वारा वाडीने झेलायचा. ओटी रस्त्याकडे, म्हणजे येणारा-जाणारा "कधी आलात?" विचारल्याशिवाय पुढे सरकत नाही. (हा जाच आहे हेही मान्य.) या नव्या बंगल्याने 'सी-व्ह्यू'साठी मागचे माड काढले, आणि रस्त्याच्या बाजूला येणार आहे सात फुटी भिंत.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतली मी नाही. आमच्या माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. कौलं वानरं फोडतात आणि ती परतायला, म्हणजे काढून नीट रचायला, माणूस मिळत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात वाड्या आडव्या केल्या, कौलं-पत्रे उडवले, त्यानंतर कुणी स्लॅब मागितला तर त्याला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर खारा वारा. सपाट स्लॅब गळतो, सळई गंजते, आणि काही वर्षांनी त्यावर पत्र्याची उतरती शेड चढते. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात स्लॅबवरचे निळे पत्रे मोजून बघा. शेवटी उतार येतोच, तो आधीच नकाशात काढला असता तर?

आंजर्ल्याला माझ्या मामेभावाने काढला. त्याच्या घरात एक चिरा नाही, सगळे सिमेंटचे ब्लॉक. छपराला रंगीत पत्रा. पण वरचा मजला मागे वाडीकडे सरकवलाय, रस्त्यावरून दिसते ती पडवीची खाली उतरलेली वळचण. ओटा एवढाच उंच की बसलं की पाय लोंबकळावेत. जुना गडगा, दगडी कुंपण, तसाच. जागेवर भराव नाही, त्यामुळे पागोळ्यांचं पाणी पूर्वीच्याच वाटेने व्हाळाला, ओढ्याला, जातं. (गुहागरच्या या बंगल्याने दोन फूट भराव घातलाय. यंदाचं पाणी आमच्या पोफळींत.) त्याच्या घराला कुणी 'कोकणी' म्हणत नाही, पण आळीत ते उपरंही वाटत नाही.

घराभोवती मोकळं सोडायचं सामासिक अंतर मोजलं जातं, उंची मोजली जाते. ओटी कुठे बघते हे कोण मोजणार? त्यासाठी नियम करा असंही मी म्हणत नाही, तेवढा भरवसा नाही नियमांवर.

इंजिनिअरला म्हटलं, निदान झोपाळा पुढे घे. हसला. "पार्टीला चालणार नाही, काकू."

भिंत अजून उठलेली नाही, आखणीसाठी नुसती फक्की मारलीय. मालक गणपतीत येणार आहेत. ओटीवर चहाला बोलावणार आहे त्यांना.