मोटर जळाली म्हणे!

रिमोटवर चालणारी, दगड चढणारी छोटी गाडी म्हणजे क्रॉलर. तो दगडावर अर्ध्यात थांबला की निकाल तयार असतो: "मोटर जळाली." वायर हलवून बघितलेली नसते, पिनियनला (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरला) हात लावलेला नसतो, मीटर घरातच असतं. तरी निकाल पक्का! मग नवी मोटर मागवायची, आठ दिवस कुरियरची वाट बघायची, ती बसवायची, आणि महिन्याभरात तीही त्याच दगडावर थांबवायची. विकणाराही तसलाच. एक प्रश्न विचारत नाही, सरळ दुसरं पाकीट पुढे करतो.

आणि हे सोलापुरात! पूर्व भागात लूम थांबला तर कारागीर आधी फेज बघतो, स्टार्टर बघतो, पट्टा सैल झालाय का बघतो, आणि मगच मोटरीकडे वळतो. मोटरींच्या आवाजात वाढलेल्या गावात ५४० मापाची एवढीशी मोटर, आत तीन दातांचं आर्मेचर (तार गुंडाळलेला फिरता भाग), दोन कार्बन (त्याला वीज पोचवणारे ठोकळे) आणि दोन चुंबकं, ती न तपासता कचऱ्यात जाते. चीड येणार नाही तर काय?

तपासायला पाच मिनिटं लागतात हो. मोटरचे दोन एम-३ स्क्रू सैल करा आणि ती मागे सरकवा, म्हणजे पिनियन स्परपासून (चाकांकडे जोर नेणाऱ्या मोठ्या गिअरपासून) सुटेल. दोन्ही वायरी ईएससीपासून (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटपासून) काढा. चार अल्कलाइन पेन्सिल सेल, म्हणजे ६ व्होल्ट, थेट मोटरला लावा. घड्याळातले साधे सेल नकोत. मोटर रिकामी फिरतानाही ओढते तेवढा करंट त्यांना झेपत नाही, ते बसतात आणि दोष परत मोटरच्याच माथी येतो. लायपो, म्हणजे गाडीचा लिथियम-पॉलिमर पॅक, थेट लावायचा तर विचारही करू नका. मोटर आतून शॉर्ट असेल तर वायरीचं प्लास्टिक हातातच वितळेल. सेलवर मोटर एकसारख्या आवाजात फिरली आणि वायरी उलट्या लावल्यावर जवळजवळ तेवढ्याच वेगाने उलटी फिरली, की मोटर बहुतेक ठीक. दोष दुसरीकडे शोधा.

हे "दुसरीकडे" कुणाला बघायचंच नसतं. मोटरचा आवाज येतोय, चाक हलत नाही, तरी म्हणे मोटर गेली! अरे, आवाज येतोय म्हणजे ती फिरतेय की. पिनियनला शाफ्टवर धरून ठेवणारा ग्रब स्क्रू सुटलेला असतो. तो शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे आणि त्याला निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सुटू न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पाहिजे. तो नीट असेल तर स्लिपर क्लचचं (जादा जोर आला की घसरणाऱ्या क्लचचं) नट बघा, स्परचे दात बघा.

गाडी धक्के देत चालते, स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारं यंत्र) आपोआप थरथरतो? मोटरच्या टोकांवरचे तीन छोटे कपॅसिटर बघा, १०४ लिहिलेले. एकाचा पाय तुटला तरी कार्बनच्या ठिणग्यांचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत जातो.

चढावर जोर दिला की बंद, थोडं थांबलं की परत चालू? ईएससीवरचा बॅटरीचा प्रकार ठरवणारा जंपर बघा. सहा सेलचा निकेल पॅक लावून जंपर लायपोवर ठेवला तर ओढ वाढली की कटऑफ लागणारच, म्हणजे व्होल्टेज पडलं म्हणून ईएससी मोटर बंद करणारच. उलट केलंत, म्हणजे लायपो लावून जंपर निकेलवर ठेवलात, तर कटऑफ वेळेवर लागणार नाही आणि लायपो कायमचा बसेल. मोटरपेक्षा महाग वस्तू आहे ती!

ईएससीवरच संशय असेल तर मोटर जोडा, पण पिनियन सुटलेलाच ठेवा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोटरच्या टोकांना लावा आणि थ्रॉटल पूर्ण द्या. भरलेल्या २एस, म्हणजे दोन सेलच्या, लायपोवर ८ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. अर्ध्या थ्रॉटलचं रीडिंग बघून वाद घालू नका. तेव्हा व्होल्टेज तुकड्यातुकड्यात जात असतं, साध्या मीटरला ते धड कळत नाही.

मीटरवाल्यांचा वेगळाच ताप. मोटरच्या दोन टोकांत अर्धा ओहम दिसला की "वाइंडिंग शॉर्ट". या मोटरीचा रेझिस्टन्सच ओहमच्या काही दशांशांत असतो! मीटरच्या वायरी एकमेकींना टेकवल्या तरी ०.२-०.३ दिसतं, ते आधी वजा करा. मग शाफ्ट बोटांनी हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवा. एखाद्या जागी सर्किट उघडं पडलं तर तिथे कार्बन टेकत नाही किंवा वाइंडिंगचा जोड तुटलाय. शेवटी एक टोक आणि बाहेरचा डबा यांच्यात बघा. तिथे सातत्य आलं, म्हणजे वीज जातेय असं दिसलं, तर तारेचं एनॅमल गेलंय किंवा आत कचऱ्याने पूल बांधलाय.

कचरा म्हणजे आपली माती! काळी माती ओली असताना मोटरच्या भोकांतून आत शिरते, वाळून दगड होते, मग कार्बनच्या भुकटीत मिसळून कम्युटेटर (कार्बन टेकतात ती तीन पट्ट्यांची तांब्याची कडी) घासत बसते. तिन्ही पट्ट्यांमधल्या फटी भरल्या की करंट नको तिथून वाहतो, मोटर तापते, जोर जातो. ही मोटर मेलेली नाही, घाण आहे. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, घाण वाहून जाईपर्यंत हाताने फिरवा, पूर्ण वाळू द्या. उघडता येणारी मोटर असेल तर फटी लाकडी टूथपिकने साफ करा. एमरी पेपर मुळीच नको. त्याचे कण वीज वाहतात आणि फटीत रुततात. तेल फक्त दोन्ही टोकांच्या बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्यांना), एकेक थेंब. अख्खी मोटर तेलात भिजवणाऱ्यांना काय म्हणावं? तेल कम्युटेटरवर जळून काळा थर धरतं आणि कार्बन त्यावर नुसता घसरतो. कार्बन अर्ध्यावर आले असतील तर बदला. नवे बसवल्यावर दोन सेलवर, ३ व्होल्टवर, दहा मिनिटं रिकामी फिरू द्या, म्हणजे त्यांचा तळ कम्युटेटरच्या गोलाईवर बसतो. शंका असेल तर मिक्सर किंवा हँड ड्रिल दुरुस्त करणाऱ्याला दाखवा, त्याचं अर्धं काम कार्बन-आर्मेचरचंच असतं.

आता खरोखर जळणाऱ्या मोटरींबद्दल. गाडी दगडात अडकलेली, चाक फिरत नाही आणि बोट थ्रॉटलवर दाबलेलंच! आर्मेचर फिरत नाही म्हणजे वारा नाही, आणि सगळा करंट कम्युटेटरच्या एकाच जागेतून. काही सेकंदांत ती जागा भाजते. त्यात मे महिना, बाहेरच ४२-४३ अंश, वर काळा दगड तव्यासारखा तापलेला. डबा बोट ठेवता येणार नाही इतका गरम झाला की थांबायचं, एवढं साधं आहे. फेराइट चुंबक तापला की दुबळा होतो, मग तेवढ्याच जोरासाठी मोटर जास्त करंट ओढते आणि अजून तापते.

त्यावर दुकानात सल्ला काय मिळतो? "कमी टर्नची घ्या, पावर वाढेल." कसली पावर! टर्न म्हणजे आर्मेचरवरचे तारेचे वेढे. ३५ टर्नच्या जागी २१ टर्नची मोटर त्याच गिअरिंगवर लावली तर वेग वाढतो, करंट वाढतो, आणि दगडावर हळू चालवायचा ताबा जातो. जी मोटर तापत होती तिच्या जागी अजून तापणारी देतात, आणि लोक घेतात! पिनियन दोन दात लहान करा, किंवा ४५-५५ टर्नची घ्या. वेग कमी होईल, पण क्रॉलरला वेग हवाय कशाला?

तारेचा करपट वास, निळा-काळा पडलेला कम्युटेटर, साफ करूनही एका ठराविक जागी अडणारी आणि बोटाने ढकलल्यावरच सुटणारी मोटर: ही गेली. बदला, कोण नको म्हणतंय. पण जुनी काढलीच आहे तर नवी बसवण्याआधी स्पर बोटाने फिरवून बघा. चारही चाकं सहज फिरली पाहिजेत. कुठे खर्र वाजलं तर ॲक्सलचं बेअरिंग उघडा. मग मोटर लावताना पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून स्क्रू आवळा आणि कागद काढून घ्या. आणि मोटरशिवाय स्पर हाताने फिरतच नसेल, तर नवी मोटर डब्यातच राहू द्या.