सातारकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर : फोन विकला म्हणजे नेमका कुठे विकला?

नमस्कार. आपण नाव दिलं नाहीत, 'साताऱ्याचा एक वाचक' एवढंच लिहिलंत, म्हणून मी तुम्हाला सातारकर म्हणतो.

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुलै ते सप्टेंबर २०२४ या तिमाहीत भारतात सगळ्यात जास्त विवोचे फोन विकले गेले, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर सातारकरांचं म्हणणं असं : 'हे आकडे खोटे आहेत. राजपथावरच्या चार दुकानांत विचारलं, चौघांनीही सॅमसंग सांगितलं. एक संस्था शाओमीला दुसऱ्या नंबरवर ठेवते, दुसरी पाचव्या नंबरवर. एका वेबसाइटवर तिसरंच चित्र. शिवाय माझ्या मावसभावाच्या दुकानात माल पडून आहे, तोही विकला म्हणूनच मोजतात. कंपन्या पैसे देतात आणि तुमच्यासारखे लिहितात.'

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो. मी कुठल्याही कंपनीकडून एक रुपया किंवा एक हँडसेट घेतलेला नाही. आता मुद्द्यांकडे येतो. त्यातला मावसभावाचा मुद्दा बरोबर आहे, आणि तिथे चूक माझी आहे.

काउंटरपॉइंट आणि आयडीसी या फोन-बाजाराचा अंदाज घेणाऱ्या दोन्ही संस्था भारताचे जे तिमाही आकडे देतात, ते शिपमेंटचे असतात, म्हणजे कंपनीने बाजारात पाठवलेल्या फोनांचे. मी लिहिलं 'विकले गेले'. लिहायला हवं होतं 'पाठवले गेले'. तो शब्द मी लेखात बदलला आहे आणि खाली दुरुस्तीची नोंद टाकली आहे. तुम्हाला हा फरक किरकोळ वाटला नाही याचा मला आनंद आहे, कारण मलाही तो किरकोळ वाटत नाही.

सांगलीत एका मोबाइल डिस्ट्रिब्युटरकडे मी नऊ वर्षं बिलिंग सांभाळलं. या धंद्यात 'विक्री' हा शब्द एकटा कुणीच वापरत नाही. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल दिला की ती प्रायमरी. डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला बिल केलं की सेकंडरी. गिऱ्हाइकाच्या हातात फोन गेला की टर्शरी. एकच हँडसेट तीन वेळा 'विकला' जातो, आणि पहिल्या व तिसऱ्या विक्रीत कधी आठवडा जातो, कधी चार महिने. कंपनीच्या माणसाचं टार्गेट बहुतेक वेळा प्रायमरी नाहीतर सेकंडरीवर. त्यामुळे २८ तारखेपासून आमच्या ऑफिसात फोन थांबायचे नाहीत. 'अजून वीस पीस मारा, स्कीम लागतेय.' मग ते वीस पीस जत, कवठेमहांकाळ, आटपाडी कुठेतरी जायचे. गरज असो नसो.

कवठेमहांकाळच्या एका दुकानदाराने दसऱ्याच्या स्कीमसाठी एका कंपनीचे चाळीस हँडसेट उचलले होते. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यातले सतरा शिल्लक होते. तेवढ्यात त्याच कंपनीचं नवीन मॉडेल आलं, जुन्याचा भाव उतरला. भावातल्या फरकाचा क्लेम मिळाला तो फक्त शेवटच्या काही दिवसांत बिल झालेल्या मालावर. बाकीचा तोटा त्याच्या गळ्यात. ते बिल मीच काढलं होतं, म्हणून ते सतरा बॉक्स अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्या तिमाहीच्या शिपमेंटमध्ये ते सगळे चाळीस मोजले गेले असणार. तेव्हा तुमच्या मावसभावाच्या रॅकवर काय आहे हे मला फोटोशिवायही कळतं.

सांगलीच्या माणसाला हे समजावायला फार बोलावं लागत नाही, कारण आमच्याकडे हळद आहे. मार्केट यार्डात आवक किती झाली हा एक आकडा, सौद्यात किती उठली हा दुसरा, आणि कुणाच्या स्वयंपाकघरात गेली हा तिसरा. हरिपूरला जमिनीतली पेवं होती, त्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची. २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी पाण्याने गेली. पेवात उतरलेल्या हळदीला 'खपली' असं इथला कुठलाही अडत्या म्हणणार नाही. फोनाच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत म्हणतो. मीही म्हणालो.

पण इथून पुढे तुमचं माझं पटत नाही. 'पाठवले' हा आकडा 'विकले' नाही, म्हणून तो खोटा ठरत नाही. पेव भरत राहिलं तर एक दिवस तोंडापर्यंत येतं, मग नवीन आवक थांबतेच. २०२२ च्या अखेरीस दुकानांत आणि गोदामांत माल तुंबला होता. त्याचा परिणाम जानेवारी ते मार्च २०२३ मध्ये उघडा पडला : आयडीसीच्या मते आदल्या वर्षीच्या तुलनेत शिपमेंट १६ टक्क्यांनी घटली, काउंटरपॉइंटच्या मते १९, कॅनालिस या तशाच तिसऱ्या संस्थेच्या मते २०. आकडे वेगळे, दिशा एकच. ठासून भरलेला माल पुढच्या तिमाहीत हिशेब चुकता करतो. म्हणून एका तिमाहीवर मी फार भरवसा ठेवत नाही. दिवाळीच्या आधीच्या तिमाहीवर तर मुळीच नाही, कारण सणाचा माल तेव्हाच भरला जातो. मागचा लेख नेमका त्याच तिमाहीवर होता, तेव्हा हे मी तिथेच सांगायला हवं होतं.

आता शाओमी दुसरी की पाचवी? हा तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. काउंटरपॉइंटने त्या तिमाहीत विवोला १९, शाओमीला १७ आणि सॅमसंगला १६ टक्के दिले. आयडीसीने विवोला साधारण १६, मग ओप्पो, सॅमसंग, रिअलमी, आणि पाचव्या नंबरवर शाओमी, साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. वाचणाऱ्याला वाटतं की एक जण नक्की थापा मारतोय. पण आयडीसी भारताच्या यादीत पोको या शाओमीच्याच ब्रँडला वेगळं धरते, आणि पोकोचे त्या तिमाहीत जवळपास ६ टक्के होते. काउंटरपॉइंट पोको आणि रेडमी दोन्ही शाओमीच्या खात्यात टाकते. साडेअकरात सहा मिळवा. कोडं तिथेच सुटतं. वनप्लस ओप्पोत धरायचा की नाही, यावरही असाच फरक पडतो. भाऊ वेगळे निघाले तर चूल कुणाच्या नावावर मोजायची, एवढाच वाद आहे तो. कुठली पद्धत बरोबर, याला एक उत्तर नाही. कंपनीची ताकद बघायची तर एकत्र, गिऱ्हाईक कुठलं नाव मागतं ते बघायचं तर वेगळं.

सगळे फरक असे सुटतात असं मात्र नाही. २०१४ च्या शेवटच्या तिमाहीत कॅनालिसने मायक्रोमॅक्सला २२ आणि सॅमसंगला २० टक्के देऊन देशी कंपनीला पहिलं ठरवलं. आयडीसीने त्याच तीन महिन्यांसाठी सॅमसंगला २२ आणि मायक्रोमॅक्सला १८ दिले. पहिला नंबरच बदलला. याचं कारण असं की हे आकडे मोजलेले कमी आणि अंदाजलेले जास्त असतात. ॲपलने नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं की यापुढे किती आयफोन विकले ते सांगणार नाही. सॅमसंगने तर त्याआधीच नेमका आकडा देणं बंद केलं होतं. शाओमी हाँगकाँगच्या शेअर बाजारात असल्यामुळे किती फोन पाठवले ते सांगते. विवो, ओप्पो शेअर बाजारात नाहीत. बाकीचं चित्र कारखाने, सुटे भाग, आयात आणि डिस्ट्रिब्युटरांकडून गोळा करून जुळवावं लागतं. २०२४ मध्ये आयडीसीच्या हिशेबाने भारतात १५ कोटी १० लाख स्मार्टफोन आले. त्याचा १ टक्का म्हणजे १५ लाख फोन. दोन कंपन्यांत दोन टक्क्यांचा फरक असेल, तर 'पहिली' हा शब्द मी यापुढे मथळ्यात घालणार नाही. ही सवय मला तुमच्यामुळे लागतेय.

तुमची चार दुकानं. त्यांच्यावर माझा अविश्वास नाही. राजपथावर सॅमसंग जास्त जात असेलच. पण २०१७ च्या शेवटी हाच वाद फार मोठ्या पातळीवर झाला होता. काउंटरपॉइंटने शाओमीला २५ आणि सॅमसंगला २३ टक्के देऊन शाओमी पुढे गेल्याचं सांगितलं. सॅमसंगने उत्तर दिलं की जीएफके या संस्थेच्या आकड्यांप्रमाणे आम्हीच पहिले. जीएफके गिऱ्हाइकाला झालेली विक्री मोजते, म्हणजे तुम्हाला हवी तीच टर्शरी. ऐकायला हे जास्त खरं वाटतं. पण दुकानांचा नमुना घेऊन केलेल्या मोजणीत दुकानातली विक्री चांगली दिसते, आणि शाओमी तेव्हा मोठ्या प्रमाणात ऑनलाइन विकत होती. काउंटरवर न आलेला फोन काउंटरवर मोजला कसा जाणार? तुमच्या चार दुकानदारांना कोरेगावला कुरिअरने आलेला फोन दिसत नाही. ज्या दुकानात ज्या कंपनीचा प्रमोटर, म्हणजे तिचा माल खपवायला ठेवलेला माणूस, उभा असतो, तिथे त्या कंपनीचा माल जास्त जातो, हेही धरा.

आणि कदाचित तुमचे दुकानदार रुपयांत बोलत असतील. गल्ल्यात कुणामुळे जास्त पैसे आले, असं विचारलं तर त्यांचं उत्तर देशाच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतं. त्याच तिमाहीत काउंटरपॉइंटने रकमेच्या हिशेबात सॅमसंगला २३ टक्के देऊन पहिलं ठेवलं, २२ टक्क्यांसह ॲपल दुसरी. नगांत पहिली विवो तिथे पहिल्या दोघांतही नाही. तुम्ही आणि मी दोघंही बरोबर असू शकतो, असा हा एक धागा आहे. मी नग आणि रक्कम दोन्ही शेजारी शेजारी द्यायला हवे होते.

तुम्ही ज्या वेबसाइटचा तिसरा आकडा दिलात ती स्टॅटकाउंटर. तिचा विक्रीशी संबंध नाही. वेबपानं कुठल्या फोनवरून उघडली गेली ते ती मोजते. त्यात चार वर्षांपूर्वी घेतलेला फोनही येतो, आणि दिवसभर नेट बघणारा पोरगा त्याच्या आजोबांपेक्षा कितीतरी वेळा मोजला जातो. लोकांच्या हातात काय आहे याचा अंदाज घ्यायला ती उपयोगी आहे. या तिमाहीत काय खपलं, ते तिथे शोधू नका.

शेवटी तुम्ही विचारलंत, प्रत्येक फोनाला आयएमईआय नंबर, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, मग सरकारच का नाही सांगत? १ जानेवारी २०२३ पासून भारतात बनलेल्या प्रत्येक फोनाचा आयएमईआय पहिल्या विक्रीआधी सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. पण 'विक्रीआधी' म्हणजे तो आकडा प्रायमरीच्याही आधीचा. कंपन्यांकडे स्वतःची ॲक्टिव्हेशनची आकडेवारी असते, फोन पहिल्यांदा चालू झाला की नोंद होते. ती सगळ्यात जवळची. तरी टार्गेटसाठी बॉक्स उघडून सिम घालून फोन 'चालू' केलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे तिच्यावरही डोळे झाकून विसंबणार नाही.

एक विनंती. मावसभावाला विचारा, गेल्या दिवाळीपासून प्रत्येक महिनाअखेरीला कुठल्या ब्रँडचे किती पीस शिल्लक होते, ते वहीतून काढून देतील का. खरेदीचा आकडा नको, शिल्लक हवी. दुकानाचं नाव मी कुठेही छापणार नाही. सांगली-मिरजेतल्या सहा दुकानदारांनी मला तसं द्यायचं कबूल केलं आहे. साताऱ्याचं एक जरी मिळालं, तरी पुढचा लेख मी रॅकवर उरलेल्या मालावरच लिहीन.